रजिस्टरातल्या दोन ओळी

१

दोनशे अकरा नंबरच्या खाली रजिस्टरला खिडकी पडली होती. पानाची दोन बोटं रुंदीची आडवी पट्टी कुणीतरी कापून नेली होती आणि त्या फटीतून पुढच्या पानावरची नावं दिसत होती. दोनशे बारा आणि दोनशे तेरा गायब. खाली दोनशे चौदा मात्र जागच्या जागी, जुन्या शाईत, वळणदार अक्षरात.

"हे कधी झालं?" मी हेडबाईंना विचारलं.

"मला काय माहीत?" त्या घाबरल्या होत्या. "नऊ वर्षं कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. एवढं जुनं रजिस्टर मागायला कुणी आलंच नाही."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी कपाट खिचडी शिजवायच्या खोलीत होतं. शाळेला खोल्या कमी. कुलूप नव्हतंच म्हणतात. एकदा जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत घातल्या, तेव्हाही ते तिथंच होतं."

माझ्याशेजारी उभी असलेली भैरवी मुलांच्या बाकावर बसली. कोल्हापूरपासून गारगोटीच्या अलीकडच्या या गावापर्यंत आम्ही दोघी याच पानासाठी आलो होतो.

मी प्रियदर्शनी. कोल्हापुरातल्या एका खासगी इस्पितळात प्रत्यारोपण समन्वयक आहे. कोण कुणाला कुठला अवयव देऊ शकतो, याचे कागद गोळा करणारी बाई. लोकांना वाटतं माझा संबंध रक्ताशी येतो. माझा संबंध झेरॉक्सशी येतो.

भैरवीची मुलगी वल्लरी अडीच वर्षांची. जन्मतःच तिच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. तान्हेपणी एक ऑपरेशन झालं, ते फसलं. आता तिचं लिव्हर संपत आलं होतं आणि डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कुणातरी धडधाकट माणसाच्या लिव्हरचा तुकडा मिळाला तर पोर जगणार होती. बापाचा रक्तगट जुळत नव्हता. भैरवीचा जुळला, पण तिच्या शिरांची ठेवण अशी, की तुकडा काढणं तिच्याच जिवावर बेतलं असतं. उरली भैरवीची आई, शालूबाई. तिचं सगळं जुळत होतं. आडवं आलं ते वय. आमच्याकडे पंचावन्नपर्यंतचाच दाता घेतात आणि शालूबाईंची जन्मतारीख कागदावर एक जून एकोणीसशे एकोणसत्तर होती. छप्पन्न पूर्ण.

शालूबाईंचं म्हणणं, आपण पन्नाशीच्या आहोत आणि पुरावा या रजिस्टरात आहे.

मी फोनवर त्या खिडकीचे फोटो काढले. पट्टी फाडलेली नव्हती. कात्रीनं, वरच्या-खालच्या मुलांच्या नावांना धक्का न लावता, बेतानं कापली होती. शेजारच्या ओळींच्या शेवटच्या रकान्यात पालकांच्या सह्या दिसत होत्या. कापलेल्या कडेला एका कोपऱ्यात पिवळसर डाग होता.

"जुना कागद आहे, पिवळा पडायचाच," हेडबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. एक ओळ शालूबाईंची, हे दाखल्यावरच्या नंबरावरून समजलं. चोरानं दुसरी कुणाची नेली?

२

चोर शोधण्याआधी माझा गुन्हा सांगते.

जुलैत शालूबाई माझ्या खिडकीशी आल्या होत्या. आधार कार्ड, शाळेचा दाखला, दोन फोटो. मी जन्मतारीख बघितली आणि फॉर्मवर 'अपात्र – वय' असं लिहिलं. बाई काहीतरी सांगत होत्या. मी फोनवर होते. त्यांच्या मागे कुरुंदवाडचे एक आजोबा नातवासाठी फॉर्म घेऊन उभे होते, त्यांनाही काही सांगायचं होतं. त्यांच्या कागदावरही एक जूनच होता. त्यांच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं. दोघांना मिळून पाच मिनिटं दिली असतील.

आमच्या भागात निम्मी माणसं एक जूनला जन्मतात. पोरगं शाळेत आलं की मास्तर त्याच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख सगळ्यांना एकच लावायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वडिलांचा वाढदिवस आम्ही एक जूनलाच करतो आणि त्यांची चेष्टाही करतो. तरी मी तो कागद देवाच्या तोंडचा असल्यासारखा वाचला.

त्यानंतर तीन महिने वल्लरीचं नाव नुसतं यादीत राहिलं. कुणाचं तरी लिव्हर मिळेल, या आशेवर. तिचं पोट फुगत गेलं. ऑक्टोबरात भैरवी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आई म्हणते तिचं वय खोटं आहे. तिचं ऐकून तरी घ्या."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण त्यांचा विश्वासही बसला नाही. गावाहून परतल्यावर मी त्यांना कापलेल्या पानाचा फोटो दाखवला.

"आजी आहे ती. नातीसाठी खोटं बोलणारच," ते म्हणाले. "आणि पान तिनंच कापलं नसेल कशावरून? पान नसलं की तिचं म्हणणं खोटं पाडता येत नाही."

शंका रास्त होती. म्हणून पहिली उलटतपासणी शालूबाईंची.

त्या वॉर्डात वल्लरीजवळ बसल्या होत्या. पोरीच्या अंगाला सारखी खाज सुटते, म्हणून हातात मऊ फडकं घेऊन तिची पाठ चोळत होत्या. शेतात राबलेली बाई, दिसायला साठीची. वल्लरीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतलं पांढरं पार पिवळं झालं होतं.

"रजिस्टरमधलं पान कापलंय," मी सरळ सांगितलं. "तुम्ही कापलंत?"

त्यांचा हात थांबला. "मी कशाला कापू? त्येवढंच तर माजं हाय."

"तुमचं खरं वय किती?"

"पन्नास. कागद माजा न्हाईच, बाई. कागद शालनचा हाय. मी ताना. तानाबाई."

लग्नात मुलीचं नाव बदलतात, त्यातलाच प्रकार असेल असं मला वाटलं. मी तसं म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सासरच्यांस्नी बी तसंच वाटलं. शालन माजी थोरली भन. माज्यापरास सा वर्सांनी मोटी. मी सात वर्सांची असताना ती तापानं ग्येली. पुढं अठ्ठ्याऐंशी साली गावात सामुदायिक लग्नं हुती. तहसीलदार येणार म्हणून पोरींच्या वयाचा दाखला मागितला. मी तेरा वर्सांची. शालन असती तर एकोणीसची असती. आबांनी, माज्या वडलांनी, मास्तरांकडनं तिचा दाखला आणला आन मला म्हनलं, आजपासनं तू शालन."

"आणि रजिस्टर?"

"दोगींची नावं येकाच दिवशी घातली हुती शाळेत. वर तिचं, खाली माजं."

म्हणजे दुसरी ओळ शालनची होती.

"हे तुम्ही जुलैत का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, हेच मला जास्त लागलं. "सांगितलं की. खिडकीत. तुमी फोनवर हुता."

मी वॉर्डाबाहेर आले आणि त्यांच्या माहेरच्या ग्रामसेवकाला फोन लावला. शालनच्या मृत्यूची नोंद मिळाली तर तानाबाईंचं म्हणणं अर्धं सिद्ध होणार होतं. एकोणीसशे ब्याऐंशी सालचं बुक काढून त्यानं तासाभरानं उलट फोन केला.

"मॅडम, पुढचं-मागचं सालपण बघितलं. शालन नावाची कुणी मेलेलीच नाही."

३

दाखला ज्यांनी दिला ते गणपतराव मास्तर गारगोटीत बाजारामागे राहतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण पाठ ताठ. मी कापलेल्या पानाचा फोटो समोर धरला, तेव्हा आधी त्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं, मग खिडकी बघितली आणि भडकले.

"माझ्या रजिस्टरला कात्री? कोण तो हरामखोर?"

"तुम्हीच असाल असं मला वाटलं होतं," मी म्हणाले. "मेलेल्या मुलीचा दाखला तुम्ही दिलात. जिवंत मुलीची ओळ शिल्लक राहिली तर तुमचं बिंग फुटणार."

मास्तरांनी फोटो बाजूला सारला. मग म्हणाले, "दाखला मी दिला. तानीचे वडील हंबीरराव तेव्हा सरपंच होते. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तानी माझ्या वर्गात पुढं बसायची, पाढे चांगले म्हणायची. तिच्या लग्नात मी जेवलोसुद्धा. हे पाप माझंच आहे. पण कापलं मी नाही. तुम्हीच विचार करा. मला लपवायचंच असतं तर मी तानीची ओळ नेली असती. शालनची कशाला नेईन? दाखला उभा आहे तो शालनच्या ओळीवर. ती गेली तर उद्या कुणी तपासायला आलं की मीच खोटा पडतो."

म्हाताऱ्याचं डोकं शाबूत होतं. जो खोटेपणा लपवू पाहतो, तो शालनची ओळ जिवापाड जपेल. इथं तर तीच कापली होती.

"दोघींचं नाव घालायला कोण आलं होतं?"

"आई. हंबीररावांना पोरींच्या शाळेचं काय पडलंय? धाकटी एकटी बसेना, म्हणून अकरा वर्षांच्या थोरलीलाही घातलं. विठाबाईला अक्षरओळख नाही. बाकीच्यांनी सह्या केल्या, हिनं दोनदा अंगठा दिला, एकाखाली एक. दिल्यावर मला विचारलं, मास्तर, हितं माज्या पोरी लिवल्या व्हय? मी म्हटलं, हो. मग कितीतरी वेळ ती त्या पानाकडे बघत उभी होती."

मी उठले. दारात आल्यावर मास्तरांनी पुन्हा हाक मारली.

"अजून एक सांगतो. शाळा सोडल्याचं कारण, असा एक रकाना असतो. शालन गेली तेव्हा तिथं 'मयत' लिहायला माझा हात होईना. कोरा ठेवला. सहा वर्षांनी तोच कोरा रकाना हंबीररावांच्या कामी आला." त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "त्यांनाच विचारा. मात्र जपून. त्या घरात शालनचं नाव घ्यायला बंदी आहे."

४

हंबीरराव सोप्यात पलंगावर बसले होते. भैरवी त्यांची नात, तिच्यामुळे मला घरात घेतलं.

"बसा पावणं. आमचं काय चुकलं म्हणून दवाखाना घरी आला?"

मी आडवळण घेतलं नाही. तेराव्या वर्षीचं लग्न, शालनचा दाखला, सगळं बोलून टाकलं. भैरवी खाली मान घालून बसली होती. हंबीररावांचा आवाज चढला.

"व्हय, केलं मी. समद्या गावाम्होरं केलं, तहसीलदाराच्या म्होरं केलं. पोरगी चांगल्या घरात पडली. द्या पोलिसात."

"पोलिसांचं राहू द्या. पान कुणी कापलं?"

"मला काय ठावं? मी त्या शाळंच्या खोलीत कवा पाय ठेवला न्हाई. चोरून कागद कापायला मी काय उंदीर हाय?"

"शालनच्या मृत्यूची नोंद का नाही केलीत?"

हे विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. भिंतीकडे बघत म्हणाले, "त्ये नाव हितं काढायचं न्हाई. उठा आता."

तेवढ्यात आतून विठाबाई चहा घेऊन आल्या. वाळक्या अंगाच्या, सत्तरीच्या पुढच्या. नखं हळदीनं पिवळी झालेली.

"हळद दळून ठिवतोय," त्या पुटपुटल्या. हंबीरराव उगाच म्हणाले, "हिचा हात कायम पिवळाच. पंधरा वर्सं शाळंत खिचडी रांधली, तवापासनं तसाच."

"आजी, हा बघ," भैरवीनं फोनवरचा वल्लरीचा फोटो पुढं धरला. "डोळे बघ तिचे."

विठाबाईंनी तोंड फिरवलं. कप ठेवले, "तानाला म्हनावं, जेवत जा," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

अंगणात आल्यावर भैरवीचा बांध फुटला. "बघितलंत? वल्लरी आजारी पडल्यापासून आजी एकदाही दवाखान्यात आली नाही. फोटोसुद्धा बघत नाही. दगड आहे म्हातारी."

मलाही तसंच वाटलं होतं. चपला घालता घालता मी सवयीनं फोन काढला आणि कापलेल्या पानाचा फोटो मोठा केला. कोपऱ्यातला तो पिवळा डाग आता बोटाच्या पेराएवढा स्पष्ट दिसत होता. माझ्या दुसऱ्या हातात अजून चहाची बशी होती, गडबडीत तशीच बाहेर आणलेली. तिच्या काठावर तसलाच डाग होता.

"भैरवी," मी म्हणाले, "आपल्याला परत आत जायचंय. मागच्या दारानं."

५

गोठ्याच्या भिंतीशी उभी राहून मी तिला दोन मिनिटांत सांगितलं.

"आपण सगळे समजत होतो की कापणाऱ्याला काहीतरी लपवायचं होतं. पण लपवणाऱ्यानं फक्त तुझ्या आईची ओळ नेली असती. शालनची ओळ कापून कुणाचाच फायदा नव्हता. मग कापणाऱ्याला शालनच हवी होती असं धर. तर मग तुझ्या आईची ओळ कशाला नेली?"

"कशाला?"

"कारण कुठली कुणाची, हे त्याला वाचता येत नव्हतं. ज्याला वाचता येतं तो एकच ओळ नेतो. ज्याला येत नाही, तो दोन्ही नेतो. पण मग एवढ्या जाडजूड रजिस्टरात नेमकं पान सापडलं कसं? बाकी सगळ्या सह्या होत्या. तिथं फक्त दोन अंगठे होते, एकाखाली एक. आणि स्वतःचा अंगठा ओळखायला शाळा लागत नाही. कपाट खिचडीच्या खोलीत, कुलूप नाही, कागदाला हळद लागलेली."

भैरवीनं मागच्या दाराकडे बघितलं. "पण आजी का कापेल?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात विठाबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. आमची वाटच बघत असाव्यात. सोप्यातलं बोलणं त्यांनी आतून ऐकलं होतं. मांडीवर पितळेचा कुंकवाचा करंडा होता, झाकण उघडलेलं.

"सरकारी कागद हाय. मला धरून नेनार व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

त्यांनी करंड्यातून एक घडी काढली. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी. वर्षानुवर्षं लावलेल्या हळदी-कुंकवानं रंगलेली, पण शाई शाबूत. शेवटी दोन अंगठे.

"पोरं जेवून गेली की मी येकटीच असायचो," त्या सांगू लागल्या. "कपाट उघडायचो आन अंगठा हुडकायचो. हितं माजी शालन हाय, म्हनायचो आन बघत बसायचो. घरात तर तिचं नाव घ्यायचं न्हाई. फोटू न्हाई. तिचं झबलं बी तानाला घातलेलं. मग नाव बी तानाला दिलं. तिचं म्हनून काय ऱ्हायलं? ह्येवढंच. येक दिस रद्दीवाला आला आन पोतंभर कागद घिऊन ग्येला. मला वाटलं, उद्या ह्ये बी नेतील. माज्या पोरीच्या नावात कोन भेळ बांदून खाईल. म्हनून कापलं."

भैरवी त्यांच्याजवळ बसली. "मग वल्लरीला बघायला का येत नाहीस गं?"

विठाबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "शालन तापानं ग्येली न्हाई. तिला कावीळ झालती. डोळं असंच पिवळं. गारगोटीचा डाक्टर म्हनला, कोल्लापूरला न्या. मी न्हाई म्हनलो. मी तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबती तशी कावीळ उतरती म्हंत्यात. माळ लांबत लांबत बेंबीपातूर आली. मी समद्यांस्नी दावत हुतो, बगा, उतरली. त्याच रातीला ग्येली. ह्येंनी मला येका शब्दानं बोल लावला न्हाई. फकस्त म्हनलं, परत तिचं नाव काढू नगंस." त्या भैरवीकडे वळल्या. "तुज्या पोरीचं डोळं मी कुटल्या तोंडानं बघू?"

 मग त्यांनी पट्टी माझ्याकडे दिली. "मला वाचून दावा. काय लिवलंय तिच्यात?"

मी वाचलं. नाव शालन. बापाचं नाव. जन्म एक जून एकोणसत्तर. खाली ताना, जन्म एक जून पंच्याहत्तर.

"आन फुडं? ग्येली म्हनून लिवलंय न्हवं?"

"नाही, आजी. तो रकाना कोरा आहे."

त्यांनी पट्टी परत घेतली आणि त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. इतकी वर्षं त्या तीच जागा बघत आल्या होत्या.

"ह्ये दिलं तर ताना पोरीला काळीज देऊ शकती व्हय?" आमच्याकडे लिव्हरलाही काळीजच म्हणतात. मी हो म्हटलं.

"मग न्या. पर आदी शालन ग्येली म्हनून कुटंतरी लिवा. कशानं ग्येली त्ये बी लिवा. मी अंगठा देतो."

६

पट्टी रजिस्टरातल्या खिडकीत तंतोतंत बसली. हेडबाईंनी तसा जबाब लिहून दिला. गणपतराव मास्तर काठी टेकत आले, त्यांनी आपलं अक्षर आणि आपली चूक दोन्ही कबूल केलं. विठाबाईंनी प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. शालन, मृत्यू एकोणीसशे ब्याऐंशी, कावीळ. अंगठा द्यायला त्यांना हंबीरराव स्वतः घेऊन आले होते. ते दाराबाहेर थांबले, आत आले नाहीत. पण मजकूर मोठ्यानं वाचला तेव्हा शालनचं नाव ऐकत उभे राहिले.

डॉक्टरांनी सगळे कागद दोनदा वाचले. नातं रक्ताच्या तपासणीत आधीच सिद्ध झालं होतं. "तुमचं खरं निघालं," ते तानाबाईंना म्हणाले. माफी मात्र मी मागितली. त्या म्हणाल्या, "आता कशाला? पोरीचं बघू."

ऑपरेशन पुण्याला, आमच्याच मोठ्या इस्पितळात झालं. तीन महिने आधी झालं असतं तर सोपं गेलं असतं, असं तिथले सर्जन म्हणाले. दहा दिवस वल्लरी काचेआड होती, त्यातले चार कुणालाच काही सांगता येत नव्हतं. ते चार दिवस मी कसे काढले, ते मी घरीही सांगितलेलं नाही.

जानेवारीत वल्लरी तपासणीला कोल्हापूरला आली. बरोबर विठाबाई होत्या, पहिल्यांदाच. त्यांनी पोरीची हनुवटी वर केली आणि उजेडाकडे तोंड करून तिचे डोळे बघितले. खूप वेळ बघितले.

"पांढरं हायती की," त्या म्हणाल्या आणि तिथंच बाकावर बसून रडल्या. तानाबाई पोटावर हात धरून सावकाश त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. वल्लरीनं पणजीच्या हातातला बटवा ओढून घेतला.

त्याच दुपारी मी माझं कपाट उघडलं. 'अपात्र – वय' असे वर्षभराचे सहा फॉर्म निघाले. त्यातल्या चौघांची जन्मतारीख एक जून. सगळ्यात वर कुरुंदवाडच्या आजोबांचा फॉर्म होता. मी नंबर लावला. एका बाईनं उचलला. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, आजोबांचं खरं वय किती, दाखला कुणी दिला होता.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"नातू दसऱ्याला ग्येला, ताई," ती म्हणाली. "सासरं खिडकीत सांगत हुते. तुमी ऐकूनच घेतलं न्हाई."

"काय सांगत होते?"

तिनं सांगितलं. मास्तरांनी वरच्या वर्गात बसवायला चार वर्षं वाढवून लिहिली होती. आजोबांचा थोरला भाऊ, ज्याची जन्माची नोंद आजोबांच्या कागदावरच्या तारखेनंतरची होती, शेजारच्याच घरात राहत होता.

मी ते सगळं फॉर्मवर लिहून घेतलं आणि खाली आजची तारीख घातली.